‘पाशवी’ कोणाला म्हणावे?

कोठे जमावाने एखाद्या निरपराध माणसाला ठेचून मारले, कोठे एखाद्या बालिकेवर अत्याचार झाला, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत एक विशेषण हमखास येते : ‘पाशवी’. या शब्दात संताप असतो, यात शंका नाही. पण त्यात एक सोयही दडलेली असते. कृत्य पशूच्या खात्यावर जमा केले की माणूस मोकळा होतो. आत कोंडलेले जनावर क्षणभर सुटले आणि अनर्थ घडला, एवढाच त्याचा अर्थ उरतो. ज्याने हात उगारला आणि जे पाहत उभे राहिले, ते सारे त्या एका शब्दाआड लपतात.

वास्तविक पशूची बाजू कोणी मांडायची म्हटली, तर ती फारशी अवघड नाही. पशू भुकेसाठी मारतो, पिलांसाठी मारतो, भयापोटी मारतो. गोठ्यात शिरलेला बिबट्या कधी कधी एकाहून अधिक शेळ्या मारतो, हे जुन्नर-शिरूरकडच्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. परंतु तो बिबट्याही कोणाचा अपमान करण्यासाठी मारत नाही, सूड म्हणून मारत नाही आणि मारताना कोणाला हसत नाही. सूड, अपमान आणि दुसऱ्याच्या वेदनेवर हसणे या खास मानवी गोष्टी आहेत. मग ‘पाशवी’ हे विशेषण कोणाला लावायचे?

या प्रश्नाचा विचार तत्त्वज्ञांनी केला, संतांनी केला आणि गेल्या काही दशकांत चित्रपटाच्या एका प्रवाहाने अतिशय गांभीर्याने केला आहे. करमणुकीच्या चित्रपटातला प्राणी हा बहुधा नायकाचा इमानी सोबती असतो. ‘हाथी मेरे साथी’चे हत्ती प्रेक्षकांना आजही आठवतात. परंतु ज्याला कलात्मक किंवा समांतर चित्रपट म्हटले जाते, त्यात प्राणी सोबती म्हणून येत नाही. तो प्रश्न म्हणून येतो. त्याच्याभोवतीची माणसे कशी वागतात, याची परीक्षा तो घेतो.

भिंत आणि तिच्या पलीकडचे जनावर

पाश्चात्त्य विचारात सहजप्रवृत्ती आणि संस्कृती यांचे नाते बहुधा वैराचे मानले गेले. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९३० साली प्रसिद्ध केलेल्या संस्कृतीविषयक ग्रंथात हेच सूत्र मांडले. माणसाच्या कामप्रेरणा आणि आक्रमकता दडपूनच संस्कृती उभी राहते, आणि म्हणून संस्कृतीत जगणारा माणूस नेहमीच थोडा असमाधानी राहतो, असे त्यांचे म्हणणे. थोडक्यात संस्कृती म्हणजे एक भिंत आणि तिच्या पलीकडे एक जनावर.

या भिंतीची प्रसिद्ध कथा म्हणजे विल्यम गोल्डिंग यांची १९५४ सालची कादंबरी ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’. पुढे भारतीयांना ‘महाभारत’ या भव्य नाट्यप्रयोगामुळे परिचित झालेले दिग्दर्शक पीटर ब्रुक यांनी १९६३ साली तिच्यावर कृष्णधवल चित्रपट काढला. निर्जन बेटावर अडकलेली इंग्रज शाळकरी मुले प्रारंभी शिस्तीने सभा घेतात. ज्याच्या हाती शंख, त्याने बोलायचे, असा नियम करतात. मग डुकराची शिकार सुरू होते, चेहरे रंगतात आणि शिकारीचा उन्माद वाढत जातो. बेटावर एक भयंकर जनावर आहे, या भीतीने सारी मुले ग्रासली जातात.

ही कथा म्हणजे ‘शिस्तीची पुटे गळाली आणि आतला पशू प्रकटला’ याचा दाखला, असे साधारणतः सांगितले जाते. पण पडद्यावर काय दिसते, ते नीट पाहावे. त्या बेटावर जनावर नसतेच. ज्याला मुले जनावर समजतात, ते हवाई छत्रीला लटकलेले एका मृत माणसाचे शरीर असते. हे सत्य सांगायला धावत आलेला मुलगा जमावाच्या नाचात मारला जातो. आणि ज्या दुसऱ्या मुलावर वरून शिळा लोटून त्याला ठार केले जाते, त्याला सगळे आधीपासून ‘पिगी’ या नावाने हाक मारत असतात. त्याचे खरे नाव कोणी विचारीत नाही. आधी माणसाला जनावराचे नाव दिले गेले, शिळा नंतर आली. हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

एक रेडा आणि सारे गाव

आपल्याकडे या विषयावरचा अलीकडचा सर्वांत चर्चिला गेलेला चित्रपट म्हणजे लिजो जोस पेल्लिश्शेरी यांचा मल्याळम ‘जल्लिकट्टू’ (२०१९). एस. हरीश यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. गोव्यातील भारतीय आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात २०१९ साली या चित्रपटासाठी पेल्लिश्शेरी यांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रजत मयूर पुरस्कार मिळाला आणि पुढे ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून तो निवडला गेला. नाव वाचून तामिळनाडूतील बैलांच्या खेळाची आठवण होते. पण चित्रपटात तो खेळ नाही.

कथा एका वाक्यात सांगता येते. केरळच्या डोंगराळ भागातील एका गावात कत्तलीच्या आधी एक रेडा सुटतो आणि सारे गाव त्याच्यामागे लागते. रेडा पिके तुडवतो, दुकाने मोडतो, हे खरे. पण जसजशी रात्र चढते, तसतसे प्रेक्षकाच्या ध्यानात येते की, पाठलागाचा रेड्याशी संबंध उरलेला नाही. कोणाला जुने वैर फेडायचे आहे, कोणाला मर्दानगी मिरवायची आहे, कोणाला मांसात वाटा हवा आहे, तर कोणाला नुसताच गोंधळ हवा आहे. मशाली आणि विजेऱ्या घेतलेले शेकडो पुरुष रानातून धावतात. रेडा विहिरीत पडतो, दोरखंड बांधून त्याला वर काढले जाते, तो पुन्हा सुटतो आणि या धुमश्चक्रीत माणसाचा जीवही जातो. शेवटी चिखलाने माखलेल्या माणसांचा एकमेकांवर चढत जाणारा एक प्रचंड ढीग तेवढा दिसतो. या साऱ्यात जिवाच्या भीतीने पळणारा रेडा हाच एकटा जीव समजण्याजोगा वागतो.

ही कथा अमुक गावाची किंवा अमुक आहाराची आहे, असे म्हणून कोणी हात झटकू नयेत. माणसांचा समूह जमाव कसा होतो, याचे ते चित्रण आहे आणि जमावाला प्रांत नसतो. याच सूत्राचा विनोदी, सौम्य आविष्कार मराठी प्रेक्षकांनी उमेश कुलकर्णी यांच्या ‘वळू’ (२००८) मध्ये पाहिलेला आहे. कुसवडे गावात मोकाट फिरणाऱ्या डुरक्यावर गावातल्या प्रत्येक नुकसानीचे खापर फुटते, त्याला पकडण्यासाठी वनाधिकाऱ्याला पाचारण केले जाते आणि बैल पकडण्याच्या निमित्ताने गावातले हेवेदावे, राजकारण आणि मोठेपणाची हौस उघडी पडते. तेथे प्रेक्षक हसतो, ‘जल्लिकट्टू’मध्ये त्याच्या अंगावर काटा येतो. परंतु दोन्हीकडे मुक्या जनावराच्या पाठीवर माणसांनी आपले ओझे लादलेले आहे.

मात्र ‘जल्लिकट्टू’च्या शेवटाशी असहमत व्हावे लागते. ही माणसे दोन पायांवर चालत असली तरी जनावरेच आहेत, असा अभिप्राय चित्रपटातील एका वृद्धाच्या तोंडी येतो आणि अखेरीस पडद्यावर आदिमानवांची टोळी शिकारीवर तुटून पडलेली दिसते. दृश्य प्रभावी आहे, त्याचा निष्कर्ष मात्र सोपा आहे. लक्षावधी वर्षांपूर्वीचा रानटी पूर्वज आपल्यात जिवंत आहे, असे एकदा म्हटले की आजच्या गावकऱ्याचा दोष त्या पूर्वजाच्या माथी जातो. मशाल हाती घेऊन धावणाऱ्याला हेच तर हवे असते! रात्री तो ‘पशू’ होता. सकाळी अंघोळ करून तो पुन्हा सभ्य गृहस्थ झाला, मग जाब कोणाला विचारायचा?

पैठणचा रेडा

मराठी माणसाला रेड्याची आणखी एक कथा ठाऊक आहे. पैठणच्या धर्मसभेत ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे शुद्धिपत्रासाठी उभी होती. सर्वांभूती एकच आत्मा आहे, असे हा बालक म्हणतो, तर समोरून जाणाऱ्या रेड्याचे नावही ज्ञानाच आहे, मग त्याच्यात आणि तुझ्यात भेद नाही काय, असा उपहास झाला. रेड्याच्या पाठीवर आसूड ओढला गेला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, अशी परंपरेची श्रद्धा आहे. रेड्याच्या मुखातून वेद वदले गेल्याचा चमत्कार सर्वजण सांगतात. त्याआधीच्या वळांकडे फारसे लक्ष जात नाही. जुन्नर तालुक्यातील आळे येथे त्या रेड्याची समाधी आहे आणि आजही लोक तेथे माथा टेकतात.

चमत्कारावर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. येथे महत्त्वाचे आहे ते कथेने घेतलेले माप. सभा विद्वानांची होती, शिष्टाचार आणि शास्त्र यांचे तेथे राज्य होते. तरीही सुसंस्कृतपणाच्या कसोटीला सभा उतरली नाही. ज्याच्या पाठीवर वळ उठले, तो उतरला.

भारतीय परंपरेने पशू आणि मनुष्य यांच्यामध्ये भिंत बांधली नाही. आहार, निद्रा, भय आणि मैथुन या चार बाबतींत दोघे समान आहेत, हे तिने निःसंकोच मान्य केले आणि धर्म, म्हणजे कर्तव्याकर्तव्याचे भान, एवढाच विशेष माणसाचा मानला. शैव दर्शनात तर पती, पशू आणि पाश या तीन तत्त्वांमध्ये ‘पशू’ म्हणजे पाशांनी बद्ध असा जीव. त्यात माणूसही आलाच. येथे ‘पशू’ ही शिवी नाही, ते अवस्थेचे वर्णन आहे. पाश ओळखणे आणि सोडवणे हा पुरुषार्थ. या दृष्टीने पाहिले तर क्रूर माणूस ‘पशूच्या पातळीवर’ उतरत नाही. पशूला जो विशेष मिळालेलाच नाही, तो हाती असून तो टाकून देतो. त्याचा अपराध पशूहून मोठा आहे, आणि तो त्याचा स्वतःचा आहे.

सोंगातला वाघ, पिंजऱ्यातला बिबट्या

प्रवृत्तीला दडपायचे नाही आणि मोकाटही सोडायचे नाही, तर तिला रूप द्यायचे, असा एक तिसरा मार्ग लोकसंस्कृतीने फार पूर्वी शोधला. बुद्धदेव दासगुप्ता यांचा ‘बाघ बहादुर’ (१९८९) हा या मार्गाचा शोकात्म इतिहास आहे. या हिंदी चित्रपटाला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. पवन मल्होत्रा यांनी रंगवलेला घुनुराम वर्षभर दगडाच्या खाणीत राबतो आणि ठरलेल्या काळात आपल्या गावी येऊन अंगावर वाघाचे पट्टे रंगवून नाचतो. ढोलकऱ्याच्या तालावर त्याच्यातला वाघ अंग मोडतो, झेपावतो, दबा धरतो. गाव ते पाहते आणि तृप्त होते. त्या नाचात भय आहे, आवेश आहे, शक्ती आहे. कोणाला ओरखडाही उठत नाही.

मग गावात एक सर्कस येते. तिच्याजवळ खराखुरा बिबट्या आहे, पिंजऱ्यात बंद. गावकऱ्यांचा घोळका घुनुरामकडे पाठ फिरवून पिंजऱ्यापुढे जमतो. अपमानित झालेला हा कलावंत अखेर बिबट्याला आव्हान देऊन पिंजऱ्यात शिरतो आणि मरतो. त्याला बिबट्याने मारले, असे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर ठरेल. पण पिंजरा बिबट्याने बांधला नव्हता आणि तिकिटेही त्याने विकली नव्हती. जो समाज कलेतून आपल्या प्रवृत्तींशी संवाद करीत होता, त्याला आता गजांआडचे खरे रक्त पाहण्याची चटक लागली. ही चटक ‘आदिम’ नाही; ती नवी आहे.

याच्या अगदी उलट टोकाला अडूर गोपालकृष्णन यांचा ‘एलिपत्तायम’ (१९८१) उभा आहे. नावाचा अर्थ ‘उंदराचा सापळा’. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा सदरलँड चषक १९८२ साली त्याला मिळाला. केरळमधील एका उतरणीला लागलेल्या जमीनदार घराण्याचा कर्ता पुरुष उण्णी हा कोणालाही मारीत नाही, ओरडत नाही, मोकाट तर तो कधीच होत नाही. बहिणींच्या कष्टावर तो निवांत जगतो. वाटेत चिखल दिसला की मागे फिरतो, बहीण आजारी पडली तरी हलत नाही. घरात सापळ्यात अडकलेले उंदीर धाकटी बहीण तळ्यात नेऊन बुडवते. चित्रपटाच्या शेवटी लोक उण्णीला बिळातून ओढावे तसे घरातून ओढून त्याच तळ्यात टाकतात. संस्कृतीची सारी बाह्य लक्षणे या घरात आहेत : मोठा वाडा, कुळाची प्रतिष्ठा, शिष्टाचार. फक्त दुसऱ्यासाठी उठण्याची इच्छा नाही. सभ्यता म्हणजे केवळ प्रवृत्तींचा अभाव असे ज्यांना वाटते, त्यांनी उण्णीकडे पाहावे.

‘फँड्री’ म्हणजे डुक्कर

आणि आता तो चित्रपट, ज्याच्यापुढे ही चर्चा पुस्तकी राहत नाही. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या मराठी चित्रपटाला दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कैकाडी बोलीत ‘फँड्री’ म्हणजे डुक्कर. जब्या हा शाळकरी मुलगा वर्गातल्या शालूवर जीव लावून आहे. तिच्या मनात आपल्याविषयी ओढ निर्माण व्हावी म्हणून तो काळ्या चिमणीच्या शोधात माळावर भटकतो. म्हणजे त्याने स्वतःसाठी निवडलेला प्राणी हा पंख असलेला आहे. गावाने त्याच्यासाठी निवडलेला प्राणी वेगळा आहे. गावातल्या डुकरांचा बंदोबस्त करण्याचे काम त्याच्या कुटुंबाकडे येते. कारण ते काम त्यांनीच करायचे, असे गावाने पिढ्यान्‌पिढ्या ठरवून ठेवले आहे.

डुकरामागे आई-वडील, बहिणी आणि जब्या धावत असताना गाव भोवती बसून हसते. शालूही हसते. डुक्कर हाताशी येते आणि एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर ऐकू येतात. ते कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. हाती आलेली शिकार निसटते. थोड्या वेळाने बांबूला बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन तेच कुटुंब शाळेच्या भिंतीवरून जाते आणि भिंतीवर रंगवलेल्या थोर समाजसुधारकांच्या प्रतिमा मागे सरकत राहतात. टीकेचे एक वाक्यही न उच्चारता दिग्दर्शकाने विचारले आहे : या शिवारात सुसंस्कृत कोण? धावता धावता राष्ट्रगीतासाठी थबकणारा कचरू की हसणारे प्रेक्षक?

शेवटी ‘फँड्री’ म्हणून चिडवणाऱ्यांवर जब्या दगड उचलतो आणि तो दगड थेट पडद्यातून प्रेक्षकाच्या दिशेने येतो. गोल्डिंगच्या बेटावर ज्याला डुकराचे नाव दिले गेले, तो शिळेखाली मेला. महाराष्ट्राच्या माळावर ज्याला डुकराचे नाव दिले गेले, त्याने दगड परत फेकला. या दगडाला कोणी ‘पाशवी प्रवृत्तीचा उद्रेक’ म्हणणार असेल, तर त्याने चित्रपट पाहिलेलाच नाही. अपमान ओळखणे आणि तो नाकारणे, याहून मानवी कृती कोणती?

अशा चित्रपटांमुळे आपल्या समाजाची बदनामी होते, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. हा आक्षेप घेणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण त्यांनी बदनामीचे मूळ चुकीच्या जागी शोधले आहे. पैठणच्या सभेची कथा आपण सातशे वर्षे सांगत आलो. तिच्यात त्या सभेची बदनामी नाही काय? तरी ती आपण मुलांना सांगतो, कारण आपली चूक सांगण्याची ताकद हेच संस्कृतीच्या प्रकृतिस्वास्थ्याचे लक्षण आहे. समरसतेची भाषा बोलणाऱ्या प्रत्येकाने ‘फँड्री’तला तो दगड अंगावर घेतला पाहिजे. तो चुकवून ती भाषा पुढे नेता येणार नाही.

दोन गाढवे

फ्रेंच दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ यांचा ‘ओ अझार बाल्थाझार’ (१९६६) हा एका गाढवाच्या आयुष्याचा चित्रपट. लहान मुलांच्या लाडात वाढलेला बाल्थाझार पुढे एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो. कोणी राबवतो, कोणी मारतो. अखेरीस चोरटा माल वाहताना त्याला गोळी लागते आणि डोंगरउतारावर मेंढ्यांच्या कळपात, गळ्यातल्या घंटांच्या किणकिणाटात तो शांतपणे प्राण सोडतो. त्याने काही केले नाही, काही म्हटले नाही. त्याच्याशी प्रत्येकजण कसा वागला, एवढीच नोंद चित्रपटात राहते. ब्रेसाँच्या पडद्यावर गाढव मरते तेव्हा त्याच्याजवळ एकही माणूस नसतो.

पैठणचेच एकनाथ काशीची गंगा कावडीतून रामेश्वरला घेऊन निघाले होते. वाटेत तहानेने तडफडणारे गाढव दिसले आणि रामेश्वरासाठी राखलेले ते जल त्यांनी गाढवाच्या मुखात ओतले, अशी कथा आहे. येथेही गाढव काही बोलले नाही. फरक एवढाच की, त्याच्याजवळ एक माणूस थांबला.

कोणत्याही चित्रपटातल्या जनावराकडे पाहताना एवढे तपासले तरी पुरे : त्याच्याजवळ कोण थांबले? रेड्यामागे धावणाऱ्या गावात, बिबट्याच्या पिंजऱ्यापुढच्या गर्दीत, डुकरामागे धावणाऱ्या मुलाला हसणाऱ्या घोळक्यात थांबणारा एकही सापडत नाही. उद्याच्या वृत्तपत्रात पुन्हा तो शब्द येईल. तेव्हा ‘पाशवी’ असे लिहिण्याआधी संपादकांनी आणि वाचण्याआधी वाचकांनी क्षणभर थबकावे आणि त्या जागी ‘मानवी’ हा शब्द ठेवून वाक्य पुन्हा वाचावे. वाचताना जीभ अडखळेल. पण त्या कृत्याचे उत्तर कोणी द्यायचे, याविषयी मग संदेह उरणार नाही.